कुदळीची वाटणी

थोरल्याच्या बागेतला विहिरीकडचा पेरू मेला होता आणि सगळ्या घराने ठरवून टाकलं होतं की तो मेलेला नाही.

"ताणावर आहे," थोरला म्हणाला.

उन्हाळा चढला की पेरूचं पाणी तोडायचं, झाडाने पानं गाळायची, मग बुंध्याभोवतीची माती उकरून मुळं उन्हात उघडी टाकायची, खत घालून ती परत झाकायची आणि पाणी सोडायचं, म्हणजे झाड अंगभर फुलतं. ही रीत सगळ्यांचीच होती. त्यामुळे उन्हाळ्यात अख्खी बागच काटक्यांची दिसते आणि मेलेलं झाड जिवंत झाडांत सहज खपून जातं. ज्याला बघायचंच नाही त्याला हा मोसम फार सोयीचा.

थोरल्याची धाकटी भावजय मात्र बघणारी होती. तिने नखाने साल खरवडली. झाडात जीव असला की सालीखाली हिरवं निघतं. इथे तपकिरी भुसा निघाला. वरच्या फांद्यांना मागच्या हंगामातली फळं तशीच चिकटून होती, सुपारीएवढी, काळी, दगडासारखी टणक.

"भाऊजी, ताणावरचं झाड फळं टाकून देतं," ती म्हणाली. "ह्यानं धरून ठेवलीत."

"चिवट आहे मग. आमच्यासारखं," थोरला म्हणाला आणि स्वतःच हसला. त्याच्या मागे उभा असलेला तिचा नवराही हसला. थोरला हसला की धाकटा हसायचा. त्यात विनोद कुठे होता ते बघत बसायची त्याला सवय नव्हती.

वाटणी होऊन बरीच वर्षं झाली होती. विहिरीजवळची लागती बाग थोरल्याला गेली, कारण तो थोरला. आणि बांधापलीकडचं खडकाळ रान धाकट्याला आलं, कारण तो काही बोलत नाही. त्या रानात एक झाड नव्हतं. धाकटीने परसातल्या जुन्या पेरूच्या फांद्यांवर गुट्या बांधल्या. साल कापून ओलं शेवाळ गुंडाळलं, मुळं फुटल्यावर रोपं उतरवली, आणि घागरी वाहून वाहून ती जगवली. तेव्हा तिची मान जी धरली ती आजही थंडीत सुटत नाही. आता त्या झाडांना थोरल्याच्या बागेपेक्षा फळ जास्त येत होतं. हे सगळ्यांना दिसत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

रान वाटलं, पाणी वाटलं, घरातले तवे-परातीसुद्धा वाटल्या. कुदळी, फावडी, पहारी तेवढ्या वाटल्या नाहीत. त्या थोरल्याच्या पडवीत राहिल्या आणि काम दोघांनी मिळून करायचं राहिलं. आधी थोरल्याची बाग, मग धाकट्याची. पहिली कुदळ थोरल्याच्या पहिल्या झाडाला. तो त्याचा मान. बांधावरून शेळ्या नेणारा एक म्हातारा होता, कुणी न विचारता सगळ्यांचे निवाडे करायचा म्हणून त्याला पंच म्हणत. तो दरवर्षी काठी टेकवून उभा राहायचा आणि म्हणायचा, "घरं बघितली, पण अशी एकी नाही बघितली. एका कुदळीवर दोन संसार!" ते ऐकलं की थोरल्याची कुदळ आणखी खोल जायची.

मागच्या पावसाळ्यानंतर थोरल्याच्या कोपऱ्यातलं एक झाड गेलं होतं. यंदा त्या कोपऱ्याची ओळच्या ओळ गेली आणि रोग विहिरीपर्यंत आला. धाकटी हे मनात मांडत होती आणि तिच्या अंगाचा तिळपापड होत होता, कारण ती मेलेली ओळ उकरणारी थोरल्याची कुदळ सगळ्यात शेवटी तिच्याच झाडांपाशी यायची.

तिने कुणाला न विचारता शेती खात्याच्या बाईला बोलावलं.

बाई तरणी होती. स्कूटर बांधाला लावून, डोक्याचा रुमाल सोडत ती सरळ मेलेल्या झाडापाशी गेली आणि तिने पहार मागितली. एक मूळ उघडं केलं. जाड, मनगटाएवढं मूळ. तिने अंगठा दाबला तशी त्याची साल भिजलेल्या चपलेच्या कातड्यासारखी सुटून हातात आली. आतलं लाकूड काळपट पडलं होतं आणि त्याला कुबट वास येत होता.

"मर आहे," बाई म्हणाली. "बुरशी असते. मातीत राहते, मुळातून चढते आणि झाडाचं पाणी तोडते."

"औषध सांगा," थोरला म्हणाला.

"मेलेल्याला औषध नाही. मुळासकट काढा, जागेवर जाळा, खड्ड्यात चुना टाका. इथली माती दुसऱ्या बागेत जाऊ देऊ नका. कुदळीला लागून नाही, पायाला लागून नाही. आणि मुळं उघडी करताना तोडू नका. जखम झाली की बुरशीला दारच मिळतं."

"मुळं तोडल्याशिवाय झाड फुलतंय होय?" थोरल्याने मजूर बायांकडे बघून विचारलं. मग तो बाईकडे वळला. "लग्न झालंय का तुमचं?"

"झालंय. त्यानं झाडाला काय फरक पडतो?"

बाया पदर तोंडाशी धरून हसल्या. थोरल्याचं तोंड उतरलं. एरवी तो हसवायचा, त्याच्यावर कुणी हसत नसे. बाई गेल्यावर त्याने उघडं पडलेलं मूळ पायानेच माती लोटून झाकलं.

"ही झाडं बापानं लावलीत," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "बापाची झाडं जाळायची? पाणी सुटलं की फुटतील."

हे तो मनापासून म्हणत होता, हीच तर पंचाईत होती. धाकटीला त्याचा लबाडपणा चालला असता. लबाड माणसाशी भांडता येतं.

काम सुरू करायच्या आदल्या संध्याकाळी सगळे थोरल्याच्या पडवीत बसले होते. थोरला कानशीने कुदळीला धार लावत होता. धाकटी उंबऱ्याबाहेर उभी राहून म्हणाली, "यंदा आमच्याकडून सुरू करू. चांगली झाडं आधी. मग तुमची करू, सगळे मिळून करू."

कानस थांबली.

"म्हणजे आमची वाईट?" थोरली म्हणाली. ती आत भाकरी थापत होती. तिथूनही तिला सगळं ऐकू यायचं.

"वाईट कोण म्हणालं, जाऊबाई? रोग आहे तो. त्याला काय कळतंय आमचं-तुमचं?"

"तुला बरं कळतंय!"

थोरला भावाकडे बघत होता. "तुझं काय म्हणणं?"

धाकट्याने आधी कुदळीकडे बघितलं, मग बायकोकडे, मग परत कुदळीकडे. "तसं काही नाही, दादा," तो म्हणाला. "तू म्हणशील तसं."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती घरी गेली आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच लोहाराकडे जाऊन उभी राहिली.

"नवी कुदळ? तुम्हाला?" लोहाराने भात्यावरचा हात काढला. "पडवीत आहेत की चांगल्या. तुमच्या सासऱ्याला मीच करून दिलेल्या."

"त्या त्यांच्या."

"मग वेगळे निघालात म्हणा की!"

"कुदळ हवीय मला. तुमच्याकडे असेल तर द्या, नसेल तर दुसरीकडे जाते."

लोहाराने कुदळ दिली, फावडं दिलं, पहार दिली, दांडे ठोकून दिले. पण ती घराकडे निघाली तोवर बातमी तिच्या पुढे निघून गेली होती. रस्त्याने दारादारांत बायका उभ्या होत्या. खांद्यावर कुदळ घेतलेली बाई त्यांनी आयुष्यात बघितली नव्हती अशातला भाग नव्हता. सगळ्याच रानात राबायच्या. पण ही कुदळ नवी होती, आणि घरात जुनी असताना आणलेली होती. एकीने तर हाताचं काम सोडून विचारलं, "भांडण झालं का गं?" तिला उत्तर नको होतं, भांडण हवं होतं.

घरी धाकटा ओट्यावर बसला होता. तो थोरल्याच्या बागेत अर्धा दिवस राबून आला होता. पिंडऱ्यांपर्यंत लाल माती चढली होती.

"अगं, माझं नाक कापलंस तू," तो म्हणाला.

"तुमचं नाक तुम्ही पडवीत ठेवून येता रोज. मी कशाला कापू?"

"तुझं खरं आहे. मला काय दिसत नाही का?"

"मग बोला की त्यांच्याशी."

"बोलेन."

"कधी?"

"वेळ बघून."

"तुमची वेळ येईल तेव्हा माझी झाडं चुलीत गेलेली असतील."

हा माणूस वाईट नव्हता. दारू नव्हती, हात उचलणं नव्हतं, बायको आजारी पडली तर स्वतः भात टाकणारा होता. पण भावासमोर त्याचं तोंड उघडत नसे. लहानपणी थोरल्याने त्याला विहिरीतून केसाला धरून वर काढलं होतं. तेव्हापासून तो जणू थोरल्याच्या मुठीतच होता.

संध्याकाळी थोरली आली. हातात चाळणी होती. "ही तुझी. उसनी नेलेली. आणि माझं काही तुझ्याकडे राहिलं असेल तर आत्ताच दे बाई. उगाच रोग लागायचा." चाळणी ओट्यावर ठेवून ती वळली आणि शेजारणीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, "घरफोडी!"

धाकटीने चाळणी उचलली आणि आत नेऊन ठेवली. ती रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, असं धाकट्याला वाटलं, कारण रडणाऱ्या बाईची समजूत काढता येते.

पुढचे दिवस तिने एकटीने काढले. बाईने सांगितलं होतं तसंच केलं. बुंध्याभोवतीची वरवरची माती खुरप्याने हलकी सैल केली, एकाही मुळाला धक्का लावला नाही, कुदळ लांबच्या आळ्यापुरती चालवली. उन्हात मान धरायची. मग ती बसूनच पुढे सरकायची. गुडघ्यांना फोड आले. थोरल्याच्या बागेतून चार कुदळींचा आवाज यायचा, मध्येच हसणं यायचं, आणि त्या हसण्यात नवऱ्याचं हसणं तिला नेमकं वेगळं ऐकू यायचं.

दुपारनंतर नवरा तिच्या मदतीला यायचा. तिने बांधावर ब्लिचिंग पावडरच्या पाण्याची बादली ठेवली होती.

"पाय धुवा. मग आत या."

"अगं, सगळे बघतायत."

"बघू दे."

तो बादलीशी वाकायचा. टाचांच्या भेगांत ते पाणी झोंबायचं आणि तो दात दाबून धरायचा. पलीकडे मजूर बाया काम सोडून बघायच्या. एक दिवस थोरला स्वतः बांधापर्यंत आला. त्याने भाऊ बादलीत पाय बुडवून उभा असलेला बघितला आणि त्याचे डोळे लाल झाले.

"आमचा विटाळ होतो का गं तुला?" त्याने विचारलं. "माझ्या हातचं पाणी पिऊन वाढलाय हा. आणि माझ्या रानातून आला म्हणून पाय धुवायला लावतेस?"

"विटाळ नाही, भाऊजी. माती."

"माती! ह्याच मातीवर तुझं घर उभं आहे."

"म्हणूनच म्हणते, ती जिथं आहे तिथं राहू दे."

बायांपैकी कुणीतरी "बाई गं" म्हणालं. पंच शेळ्या घेऊन नेमका तिथेच थांबला होता. त्याने काठी आपटून निवाडा दिला, "बाई घरात आली की कुदळीसुद्धा दोन होतात." थोरला पाठ फिरवून गेला. चालताना त्याचे खांदे पडले होते. धाकट्याने ते बघितलं आणि त्या दिवशी तो जेवला नाही.

पण झाडं वाचत होती. धाकटी रोज एकेका फांदीला नख लावून बघायची. सालीखाली हिरवं. पुढच्या झाडाला हिरवं. तेवढ्यावर तिचा दिवस जायचा.

त्याच सुमारास माहेरून निरोप आला. आई पडली होती, खुबा मोडला होता. जाणं भागच होतं. निघण्याआधी तिने कुदळ, फावडं, पहार आतल्या खोलीत ठेवून कुलूप लावलं. किल्ली कनवटीला खोचली. कुणी सहज मागायला आलं आणि नवऱ्याने सहज दिली, तर त्या कुदळीने कुठली माती उकरली जाईल ह्याचा भरवसा नव्हता.

"रानात कुणाला जाऊ देऊ नका," ती म्हणाली. "काम राहिलं तर राहू दे. मी आले की बघते."

"मी आहे ना," धाकटा म्हणाला.

आईच्या उशाशी बसून तिने आठवडा काढला. परतताना गाडीतून उतरून ती घरी न जाता पिशवीसकट रानात गेली. बांधावर बादली कोरडी होऊन कलंडली होती. पुढे बघितलं आणि तिने पिशवी तिथेच टाकली.

सगळ्या झाडांची मुळं उघडी होती.

एकूण एक झाड. बुंध्याभोवती गोल, नीट, खोल आळी. काठावर लाल मातीचे ढीग सारखे लावलेले. बारीक मुळ्या रीतीप्रमाणे तोडून एका बाजूला गोळा केलेल्या. जाड मुळांवर कुदळीचे पांढरे घाव. अगदी सुबक काम झालं होतं. थोरल्याच्या हातचं काम लांबूनही ओळखू यायचं.

तो स्वतः शेवटच्या ओळीत उभा होता, बंडी घामाने पाठीला चिकटलेली. तिला बघून त्याने कुदळ टेकवली. चेहरा समाधानाने भरून आला होता. "आलीस? बघ," तो म्हणाला. "म्हटलं, झालं गेलं विसरू. तू एकटी मरमर करत होतीस, आणि आता आईचं हे. माझी निम्मी बाग तशीच टाकली आणि आधी तुझी केली. बाहेरचा माणूस लावला नाही. सगळी आम्ही दोघांनीच."

धाकटा त्याच्या मागे उभा होता. तो हसत नव्हता.

"कुठल्या कुदळीनं?" तिने विचारलं.

थोरल्याने भावाकडे बघितलं.

"अहो, मी तुम्हाला विचारतेय. कुठल्या कुदळीनं?"

"दादाच्याच," धाकटा म्हणाला. "तुझी तू कुलपात ठेवली होतीस ना."

ती मातीच्या ढिगावर मटकन बसली. समोर तोडलेल्या मुळाचं ताजं तोंड होतं, दुधासारखं पांढरं, त्याच्या कडेला थोरल्याच्या कुदळीवरची लाल माती लागलेली. तिने पदराने ते पुसलं. पुसून काही होणार नाही हे तिला माहीत होतं. तरी ती पुसत राहिली. मग पुढचं. मग त्याच्या पुढचं.

"असं काय करतेस?" थोरला गोंधळला होता. "खोल घेतलीत चांगली. यंदा बघ कशी फुलतात."

तिच्या तोंडात शिव्या होत्या. लहानपणापासून ऐकलेल्या सगळ्या होत्या. पण समोर घामाने निथळणारा, तिच्यासाठी आठवडाभर राबलेला, तोंडभर आशेने बघणारा माणूस उभा होता, आणि त्याला घालायला त्यातली एकही शिवी बसत नव्हती. ह्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"जा तुम्ही इथून," ती एवढंच म्हणाली.

त्या वर्षी तिची झाडं खरोखर फुलली. पानोपानी फूल आलं. थोरला येता-जाता बांधावरून बघायचा आणि म्हणायचा, "बघितलंस?" पंचाने निवाडा फिरवला आणि एकीचे गोडवे परत सुरू केले. थोरलीने एक दिवस चाळणी मागून नेली. घर पहिल्यासारखं झालं, असं सगळे म्हणू लागले. धाकटी नवऱ्याशी कामापुरतं बोलायची. कुणी गोड बोललं की तिच्या कपाळाची शीर उठायची.

पाऊस सरला. फळं लिंबाएवढी झाली, फांद्या वाकल्या. एका सकाळी ती ओळीतून जाताना मधल्या एका झाडापाशी थांबली. शेंड्याची पानं पिवळी पडली होती. कडा आत वळल्या होत्या. इतर झाडं ओल्या पानांनी चमकत होती आणि हे एकटंच मलूल होतं. तिने नख लावलं. खालून हिरवं निघालं, पण त्या हिरव्यात तपकिरी रेघ होती.

तिने हाक मारली. धाकटा पळत आला.

"एकच आहे," तो म्हणाला. "दोन दिवस बघू. नुसतं पाणी जास्त झालं असेल..."

"आणखी काय बघायचंय तुम्हाला?" तिचा आवाज दोन रानं पलीकडे गेला. "त्यांची ओळ मेलेली बघितलीत, बाग गेलेली बघितलीत. मी पाय धुवायला लावले तर लाज वाटली, आणि माझी मुळं तोडताना नाही वाटली? त्यांचं मन मोडू नये म्हणून माझी झाडं मोडलीत तुम्ही. दोघांचं प्रेम होतं ना? हे बघा, ह्याला लागलंय ते तुमचं प्रेम!"

धाकट्याचा चेहरा पांढरा झाला. तो घरी जाऊन पहार आणि कुऱ्हाड घेऊन आला, आणि बंडी काढून बांधावर टाकली.

"किती काढायची?" त्याने विचारलं.

"हे. आणि ह्याच्या चारी अंगांची."

"ती चांगली आहेत गं. फळानं भरलीत."

"म्हणून तर आज काढायची."

एक झाड मुळासकट काढायला घामटा निघतो. पहारीने माती फोडायची, मूळ लागलं की कुऱ्हाडीने सपासप तोडायचं, बुंध्याला खांदा लावून रेटायचं. गारांसारखी फळं पडत होती, हिरवी, टपटप. तिने ती उचलली नाहीत, पायाने खड्ड्यात लोटली. पहिल्या झाडावर काटक्या रचून रॉकेल ओतलं. ओला पेरू पेटत नव्हता. फसफसत होता, पांढरा धूर काढत होता, डोळ्यांत जात होता. ती मुद्दाम धुरातच उभी राहिली. तिथे डोळ्यांतून पाणी का येतंय हे कुणी विचारत नव्हतं.

धूर बघून थोरला आला. हातात त्याची पहार होती. भावाच्या रानात आग लागली म्हणून तो जसा होता तसा पळत सुटला होता. त्याचं स्वतःचं अर्धं रान एव्हाना रिकामं झालं होतं. पावसाने त्याच्या बापाची झाडं फुटली नव्हती.

त्याने खड्ड्यातलं ते धुमसणारं झाड बघितलं, त्याची पिवळी पानं बघितली, आणि त्याला कळलं. हातातली पहार खाली गेली.

"मी तुझ्या भल्यासाठीच केलं गं, धाकटे," तो म्हणाला.

"ठाऊक आहे," ती म्हणाली. "वाइटासाठी केलं असतं तर तेव्हाच तुमचा हात धरला असता मी. त्या दिवशी शिवी देता आली नाही. आज देते." आणि तिने ती दिली, बापाच्या वयाच्या दिराला, तोंडावर, धाकट्यासमोर, पूर्ण. माहेरच्या बैलगाडीवाल्यांच्या तोंडी असायची तशी.

थोरल्याने मान वर केली नाही. मग धाकटा एकटाच पुढच्या बुंध्याला खांदा लावतोय हे बघून त्याला राहवलं नाही. आयुष्यभराची सवय होती. त्याने पहार उचलली आणि बांधावर पाय ठेवला.

"दादा, तिथंच थांब," धाकटा म्हणाला.

आवाज मोठा नव्हता. तो झाडाला रेटून उभा होता, श्वास लागला होता, आणि त्याने भावाकडे बघितलंही नव्हतं. पण धाकटीने वळून नवऱ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत हे वाक्य तिने ऐकलं नव्हतं.

थोरल्याने पाय मागे घेतला आणि पहार खाली ठेवली.

तो दुपारपर्यंत बांधापलीकडे उभा होता. बसला नाही, घरीही गेला नाही. रिकाम्या हातांचं काय करावं हे त्याला कळत नव्हतं. मध्येच हात कमरेवर जायचे, मध्येच पाठीमागे. समोर भाऊ घामाने न्हालेला, भावजयीचे हात कोपरापर्यंत काळे, आणि तो नुसता बघणारा. तिसरं झाड पडताना धाकट्याचा पाय घसरला तेव्हा थोरल्याच्या तोंडून "अरे" निघालं, अंग पुढे गेलं, आणि त्याने स्वतःलाच मागे खेचलं.

पंच शेळ्या घेऊन आला तेव्हा चौथं झाड जळत होतं. तो धुरात डोळे बारीक करून बघत राहिला. त्याला पाहिजे ते दिसलं.

"काय रे हे?" तो थोरल्याला म्हणाला. "धाकटा भाऊ मरेस्तोवर खपतोय आणि तू खांबासारखा उभा? लाज नाही वाटत? का त्या बाईनं बंदी घातली?"

धाकटीची कुऱ्हाड हवेत थांबली. आता ह्यालाही तोंडावर द्यायची म्हणून ती वळली. पण तिच्याआधी थोरला बोलला.

"तिनं नाही," तो म्हणाला. आवाज घोगरा होता, पण तोंडातल्या तोंडात नव्हता. "रोग माझ्या बागेतला आहे. माझी बाग मेलेली आहे. तिथून इथं मीच आणला, माझ्या हातानं. तिनं सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. जा, आता हे गावभर सांग."

पंचाला निवाडा सुचला नाही. त्याच्या शेळ्यांना मात्र काही ऐकायचं नव्हतं. थोरल्याच्या रानातल्या ओल्या मातीने बरबटलेल्या खुरांनी त्या तशाच धाकटीच्या रानाकडे सरकत होत्या, खाली पडलेल्या हिरव्या फळांच्या वासाने.

धाकटीचा राग गेला नव्हता. तो इतक्यात जाण्यातला नव्हता. तिने कुऱ्हाड खाली केली आणि तोंडावरची काजळी दंडाने पुसली.

"भाऊजी," ती ओरडली, "उभे काय राहिलात? शेळ्या अडवा!"

थोरला दोन्ही हात पसरून बांधावर धावला.